घरच्या संगणकाचा आवाज: हेडफोन, स्पीकर आणि माइक घेताना

दहावी-बारावीचे निकाल लागले की कळमेश्वरच्या बऱ्याच घरांत संगणक घ्यायचा विषय निघतो. कुणाला पॉलिटेक्निकला जायचे असते, कुणाला स्पर्धा परीक्षेची तयारी करायची असते, कुणाच्या मुलीला घरबसल्या तजवीद शिकायची असते. नागपूर इथून २०-२५ किलोमीटरवर. अब्बा आणि मुलगा सुट्टीच्या दिवशी बर्डीला जातात, चार दुकाने पालथी घालतात, रॅम किती, डिस्क कोणती, स्क्रीन किती इंचांची याची बारकाईने चौकशी करतात. पैसे संपत आले की दुकानदार विचारतो, "स्पीकर, हेडफोन काय देऊ?" आणि उत्तर मिळते, "द्या एखादा स्वस्तातला."

आवाजाच्या वस्तूंची निवड अशी दोन मिनिटांत उरकली जाते. पुढची पाच वर्षे मात्र घरातली माणसे रोज काही तास त्याच वस्तूंतून ऐकत राहतात. स्क्रीन बिघडली तर बदलता येते. कानाचे तसे नाही. म्हणून या लेखात आम्ही संगणकाच्या आवाजाचाच विचार करणार आहोत: कोणत्या कामाला काय घ्यावे, पैसे कुठे खर्च करावेत, कुठे वाचवावेत, आणि घेतलेल्या वस्तूपासून कान कसे सांभाळावेत.

आधी ठरवा: कोण ऐकणार, काय ऐकणार?

दुकानात जाण्यापूर्वी घरात बसून एक यादी करावी. संगणकावर कोण बसणार? काय ऐकणार? बसताना घरात बाकीचे काय करत असणार? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की अर्धी निवड झालीच म्हणून समजा.

आपल्या घरांत संगणकावरचे बहुतेक ऐकणे हे बोलणे असते. शिक्षकांचे तास, तिलावत, बयान, बातम्या, दुबई किंवा रियाधला असलेल्या भावाशी व्हिडिओ कॉल. बोलणे नीट कळण्यासाठी मोठा दणका लागत नाही, स्पष्टता लागते. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झ असतो, बाईचा २०० च्या आसपास. पण शब्द ओळखू येतात ते व्यंजनांमुळे. स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांचा जोर २,००० ते ८,००० हर्ट्झ आणि त्याहीवर असतो. दुकानात जो "बेस" ऐकवून गिऱ्हाईक खूश केले जाते, तो या सगळ्याच्या खालचा भाग. त्याने छाती हलते, शब्द कळत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवावी. डब्यावर "एक्स्ट्रा बेस" लिहिलेले असेल तर ती वस्तू अभ्यासासाठी बनवलेली नाही.

हेडफोनचे प्रकार आणि कुणाला कोणता

कानाच्या आत बसणारे इअरफोन, कानावर टेकणारे हेडफोन आणि पूर्ण कान झाकणारे मोठे हेडफोन, असे ढोबळ तीन प्रकार.

कानाच्या आत बसणारे स्वस्त असतात, खिशात मावतात. रबरी बोंडे नीट बसली तर बाहेरचा आवाजही कमी होतो. पण तास-दोन तास सलग घातले की कान दुखतो, घाम धरतो. ज्यांचा कान वाहतो किंवा ज्यांना मळाचा त्रास आहे, त्यांनी ते टाळावेत. आणि एकाच्या कानातले दुसऱ्याने घालू नयेत. भावंडांत ही अदलाबदल सर्रास चालते, तिच्यातून कानाचा संसर्गही पसरतो.

पूर्ण कान झाकणारे हेडफोन रोजच्या अभ्यासासाठी सर्वांत बरे. भार कानावर न येता भोवतीच्या गादीवर येतो. त्यांतही दोन जाती आहेत. मागची बाजू बंद असलेले, आणि मागे जाळी असलेले. जाळीवाल्यांचा आवाज मोकळा वाटतो, पण आतला आवाज बाहेर येतो आणि बाहेरचा आत. एका खोलीत चार माणसे राहणाऱ्या घराला बंद पाठीचेच उपयोगी.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचारही हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा रेक्झिनच्या गादीखाली कान अक्षरशः भिजतो, आणि वर्ष-दोन वर्षांत ते रेक्झिन सोलून काळे कपचे पडू लागतात. कापडी गादीचे घ्यावेत, किंवा ज्यांच्या गाद्या वेगळ्या विकत मिळतात असे घ्यावेत.

याच उन्हाळ्यात कूलरची घरघर दिवसभर चालू असते. ती चुकवण्यासाठी मुले आवाज वाढवतात आणि तासन् तास वाढवलेलाच ठेवतात. बंद पाठीचा चांगला बसणारा हेडफोन असेल तर ही घरघर बरीच कमी होते आणि आवाज वाढवावा लागत नाही. "नॉइज कॅन्सलिंग" नावाची सोय असलेले महाग हेडफोन त्याही पुढे जातात. बाहेरचा आवाज छोट्या माइकने टिपून त्याच्या उलट लहरी कानात सोडल्या जातात आणि दोन्ही एकमेकांना मारतात. बंगाली वडिलांचे अमेरिकन अभियंता अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात ही कल्पना सुचली. कूलर, पंखा, विमानाचे इंजिन अशा एकसारख्या, खालच्या सुराच्या आवाजावर ती छान चालते. शेजारच्या खोलीतल्या बोलण्यावर तिचा परिणाम कमी. बजेट मर्यादित असेल तर तिच्या मागे लागू नये.

घरातल्या बाईसाठी वेगळा विचार

हेडफोनच्या जाहिरातीत जो चेहरा असतो त्याच्या डोक्यावर स्कार्फ नसतो आणि त्याच्या स्वयंपाकघरात कुकर लावलेला नसतो. आपल्या घरातल्या अम्मीला किंवा वहिनीला दोन्ही असते.

स्कार्फवरून मोठा हेडफोन घातला की गादी आणि कान यांच्यात फट राहते. खालचे सूर गळतात, बोलणे मात्र चांगले ऐकू येते, त्यामुळे दर्स किंवा क्लाससाठी तेवढे पुरते. पण कापड माइकवर घासले तर समोरच्याला खरखर ऐकू जाते. माइकची दांडी गालापुढे येणारी, वळवता येणारी असावी आणि कापडाच्या बाहेर राहावी.

घरात लहान मूल असेल, गॅसवर काही असेल, दाराची बेल वाजणार असेल, तर दोन्ही कान झाकणे बरे नाही. अशा वेळी एका कानाचा हेडसेट मिळतो, ज्याला दुकानदार "मोनो हेडसेट" किंवा "कॉल सेंटरवाला" म्हणतात. हलका असतो, एक कान मोकळा राहतो, माइक चांगला असतो. घरून शिकवणी घेणाऱ्या किंवा फोनवरचे काम करणाऱ्या बायकांना तो फार सोयीचा. फॅशनच्या कपाटात तो दिसत नाही, मागून मागावा लागतो.

वायरचा की ब्लूटूथचा?

मुलांना विचारले तर एकच उत्तर येते, ब्लूटूथ. वायरचा गुंता नाही, दिसायलाही झकास. नुसते ऐकायचे असेल तर ब्लूटूथला आमचीही हरकत नाही. ज्या क्षणी आपण बोलूही लागतो, त्या क्षणी गोष्ट बदलते.

बहुतेक ब्लूटूथ हेडफोन दोन पद्धतींनी चालतात. नुसते ऐकताना स्टिरिओ, चांगल्या दर्जाचा आवाज येतो. माइक चालू झाला की तो "हँड्स-फ्री" पद्धतीवर उतरतो. संगणकाच्या आवाजाच्या यादीत एकाच हेडफोनची दोन नावे दिसतात ती याचमुळे. हँड्स-फ्रीच्या जुन्या पद्धतीत ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच जात नाही, सुधारलेल्या पद्धतीत ८,००० पर्यंत जाते. अगदी नव्या काही उपकरणांत ही अडचण सुटली आहे, पण त्यासाठी संगणक आणि हेडफोन दोन्ही नव्या पद्धतीचे लागतात.

याने फरक काय पडतो? साध्या गप्पांत फारसा नाही. जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढेच जायचे आणि तरी आपण पिढ्यान् पिढ्या बोललो. पण त्याच फोनवर एखादे नाव सांगताना "स, सफरचंदाचा स" असे समजावून सांगावे लागायचे, कारण स आणि फ यांतला फरक ज्या सुरांत असतो तेच कापले जायचे.

आता तजवीदचा वर्ग आठवा. नूरानी कायदा शिकणाऱ्या मुलाला उस्ताद सीन आणि से यांतला फरक शिकवत आहेत. से उच्चारताना जिभेचे टोक दातांच्या कडेला लागते, सीनला शिट्टीसारखा आवाज निघतो. हा फरक मुख्यतः वरच्या सुरांत आहे. हँड्स-फ्रीवर उतरलेल्या ब्लूटूथमधून तो मुलाला नीट ऐकू येत नाही, आणि मुलाने बरोबर म्हटले तरी उस्तादांपर्यंत पोहोचत नाही. उस्ताद पुन्हा म्हणायला लावतात, मूल पुन्हा तसेच म्हणते, आणि शेवटी मुलाला वाटते की आपल्यालाच जमत नाही. इंग्रजी उच्चारांच्या वर्गातही हेच घडते.

म्हणून ज्या घरात ऑनलाइन शिकणे-शिकवणे आहे, तिथे वायरचा हेडसेट घ्यावा, आणि जमल्यास यूएसबी पिनचा. यूएसबी हेडसेटमध्ये आवाजाचे स्वतःचे छोटे सर्किट असते, त्यामुळे संगणकाच्या आतली खरखर त्यात शिरत नाही. साधारण हजार ते अडीच हजार रुपयांत कामाचा मिळतो. चार्जिंगची कटकट नाही, ऐन तासाला बॅटरी संपत नाही. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो, तोही प्रश्न इथे नाही.

माइकवर पैसे घाला

हेडफोन आपण आपल्यासाठी घेतो. माइक समोरच्यासाठी असतो, म्हणून त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. लॅपटॉपच्या आतला माइक हातभर लांब असतो. तो आपल्या आवाजाबरोबर पंखा, कूलर, रस्त्यावरचा भोंगा, नागपूर-इटारसी मार्गावरून जाणाऱ्या गाडीची शिट्टी, सगळे सारख्याच इमानदारीने पुढे पाठवतो. तोंडापासून दोन-तीन बोटांवर असलेला साधा माइक त्यापेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकवतो. आवाजाचे हे गणित सोपे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने पडतो. माइक जवळ आणला की आपला आवाज वाढतो, कूलरचा तेवढाच राहतो.

माइक थेट ओठांसमोर धरू नये. प आणि फ म्हणताना फुंकर बसते आणि फट्फट् आवाज येतो. तो ओठांच्या कोपऱ्याशी, थोडा बाजूला असावा.

मुलाखतीची तयारी करणाऱ्या किंवा हिफ्ज करणाऱ्या मुलांना आम्ही एक सवय सुचवू. आपला आवाज रेकॉर्ड करून शांतपणे ऐकावा. त्यासाठी "ऑडॅसिटी" हा कार्यक्रम २००० सालापासून विनामूल्य मिळतो. आपल्याच आवाजातली घाई, गिळलेली अक्षरे, तुटलेला श्वास ऐकू आला की सुधारणा लवकर होते.

खोलीही आवाज बिघडवते. सिमेंटच्या उघड्या भिंती, टाइल्स, वर टिनाचे छप्पर अशा खोलीत आवाज घुमतो. त्याला महागडे फोम लागत नाहीत. जाड पडदा, जमिनीवर सतरंजी, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट किंवा दोरीवर टाकलेली रजई एवढ्याने मोठा फरक पडतो.

स्पीकर: वॅटच्या आकड्यात फसू नका

सगळ्या घराने मिळून ऐकायचे असेल तर स्पीकर हवेतच. रमजानमध्ये सहरीच्या आधी लावलेली तिलावत, ईदला नानीशी सगळ्यांनी मिळून केलेला कॉल, लहान मुलांच्या गोष्टी, हे हेडफोनचे काम नाही. आणखी एक फायदा आहे. बैठकीतल्या संगणकाला स्पीकर असला की मूल काय ऐकते ते आई-वडिलांना सहज कळते, विचारावे लागत नाही. दिवसभर हेडफोन लावून बसलेले मूल एकाच छपराखाली असूनही घराबाहेरच असते.

स्पीकर घेताना डब्यावरचा आकडा पाहून भुलू नये. "१,००० वॅट पीएमपीओ" असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य अशी पद्धतच नाही. तो क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा असतो. पाहायचा आकडा "आरएमएस" वॅटचा. तो न थांबता देता येणारी ताकद सांगतो. हजार पीएमपीओच्या डब्याच्या तळाशी बारीक अक्षरांत १०-१५ वॅट आरएमएस लिहिलेले असणे ही नवलाची गोष्ट नाही.

आणि जास्त वॅट लागतात तरी कशाला? ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, जेमतेम कळेल इतका. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला ताकद दहापट करावी लागते. दहा बाय बाराच्या खोलीत टेबलावरच्या दोन स्पीकरांना मिळून ८-१० वॅट आरएमएस पुष्कळ झाले.

"२.०" म्हणजे दोन स्पीकर. "२.१" म्हणजे दोन स्पीकर आणि एक वूफरचा डबा. "५.१" म्हणजे पाच स्पीकर आणि वूफर, जो सिनेमासाठी असतो. बोलणे ऐकायला २.० पुरे. वूफर असेलच तर त्याचे बटण कमी ठेवावे. खालचे सूर भिंत सहज ओलांडतात. शेजाऱ्याला आपले शब्द ऐकू जात नाहीत, नुसता धडधड धक्का जातो, आणि तोच जास्त त्रास देतो. एकाला एक लागून असलेल्या घरांच्या वस्तीत हे विसरून चालणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शेजाऱ्याचा हक काय असतो हे आपल्याला सांगायला कायद्याची वाट पाहावी लागू नये. शेजारी आजारी असेल, परीक्षेचा असेल, रात्रपाळी करून आलेला असेल, तर तिलावतसुद्धा आपल्या खोलीपुरतीच लावावी.

मांडणी साधी आहे. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण व्हावा, स्पीकर कानाच्या उंचीवर यावेत, तोंड आपल्याकडे असावे. टेबलाखाली किंवा कपाटाच्या कोपऱ्यात कोंबलेला महाग स्पीकरही घोगराच वाजतो.

अदबीची एक गोष्टही सांगावीशी वाटते. इंटरनेटवरून थेट तिलावत लावली की मध्येच साबणाची नाहीतर खेळाची जाहिरात सुरू होते. उतरवून घेण्याची परवानगी देणाऱ्या ठिकाणांहून ती संगणकात साठवून ठेवावी. जाहिरात येत नाही, आणि नेट गेले तरी अडत नाही.

पिन, भोके आणि गुणगुण

दुकानातून वस्तू आणल्यावर पहिले भांडण पिनशी होते. हेडफोनच्या साडेतीन मिलिमीटरच्या पिनवरच्या काळ्या रेघा मोजाव्यात. दोन रेघा असतील तर तिच्यातून फक्त ऐकू येते. तीन रेघा असतील तर त्याच पिनमध्ये माइकही आहे. लॅपटॉपला बहुधा एकच भोक असते, त्याला तीन रेघांची पिन चालते. मोठ्या संगणकाला हिरवे आणि गुलाबी अशी दोन भोके असतात, हिरवे ऐकायला, गुलाबी माइकला. तिथे तीन रेघांची पिन लावायची तर दोन शेंड्यांचा स्प्लिटर लागतो. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे. ती न आणल्याने कित्येक चांगले हेडसेट "माइक खराब" म्हणून परत जातात.

स्पीकरमधून सतत गुंऽऽ असा आवाज येत असेल तर स्पीकरला दोष देण्यापूर्वी घराची वायरिंग पाहावी. आपल्या विजेची लय ५० हर्ट्झची आहे, आणि अर्थिंग नसेल तर ती आवाजाच्या तारेत शिरते. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर कारण सापडले. संगणक आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावावेत, तीन पिनच्या प्लगची जाड पिन तोडू नये, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. त्याचा फायदा आवाजापुरता नाही. अर्थिंग नसलेल्या घरात संगणकाच्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि तो जिवाशी खेळ आहे.

घरातल्या थोरांसाठी

वयाबरोबर आधी वरचे सूर जातात. दादी म्हणतात, "आवाज येतो, पण काय बोलतात ते समजत नाही." त्यांच्यासाठी नुसता आवाज मोठा करून उपयोग होत नाही, उलट कानाला टोचते. कान झाकणारा हलका हेडफोन द्यावा, बेस कमी करावा. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये "मोनो ऑडिओ" चालू करावा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानातही पूर्ण मिळतो. कानामागे श्रवणयंत्र असेल तर मोठ्या खोल गादीचा हेडफोन घ्यावा. तो यंत्राला दाबत नाही.

कानाची शिदोरी

आपल्या प्रत्येक कानाच्या आत, शंखासारख्या भागात, सुमारे १५ हजार नाजूक पेशी असतात. त्यांच्यावर केसांसारखे तंतू असतात. ते हलले की मेंदूला आवाज कळतो. या पेशी जन्मताच मिळतात. एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेबरोबर ऐकण्याच्या उपकरणांसाठी मानक जाहीर केले. मोठ्या माणसासाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास, अशी सुरक्षित शिदोरी त्यात मानली आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे ४ तास उरतात, १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटे. पूर्ण आवाजावर ठेवलेले पुष्कळ इअरफोन शंभरी गाठतात. म्हणजे आठवड्याची शिदोरी एका बसण्यात संपते. जगातले १०० कोटींहून अधिक तरुण अशा ऐकण्यामुळे धोक्यात आहेत, असे हीच संघटना सांगते.

कळमेश्वरच्या वाचकांना याची एक आणखी बाजू आहे. इथल्या एमआयडीसीत पत्र्याचे, लोखंडाचे कारखाने आहेत. आठ तासांची पाळी करून आलेल्या माणसाच्या कानाने दिवसाचा वाटा कारखान्यातच खर्च केलेला असतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटामुळे येणारे बहिरेपण हा नोंद करायचा रोग म्हणून दिलेला होता. कामावर कानाचे संरक्षक वापरावेत, आणि घरी आल्यावर इअरफोन घालून व्हिडिओ पाहत झोपण्याऐवजी कानांना विश्रांती द्यावी.

घरात पाळायचे नियम थोडे आहेत. आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये. हातभर अंतरावरच्या माणसाचे साधे बोलणे हेडफोन लावूनही कळले पाहिजे. तासाभराने दहा मिनिटे हेडफोन काढून ठेवावा. लहान मुलांना आवाजाला मर्यादा घातलेला हेडफोन द्यावा, पण डब्यावर "८५ डेसिबल" लिहिले म्हणून दिवसभर घालू देऊ नये. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, किंवा मूल टीव्हीचा आवाज वाढवू लागले असेल, वारंवार "काय?" म्हणत असेल, तर ते दुर्लक्षाचे कारण नाही. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. तिथे तपासून घ्यावे.

दुकानात गेल्यावर

आपला फोन किंवा लॅपटॉप सोबत न्यावा. त्यात ओळखीच्या कारीचे एक रेकॉर्डिंग आणि एखाद्या शिक्षकाचा तास ठेवावा. दुकानदाराचे दणदणीत गाणे ऐकून निवड करू नये. आपल्याला जे ऐकायचे आहे तेच लावून, आवाज कमी ठेवून ऐकावे. कमी आवाजातही शब्द स्वच्छ येतो तो हेडफोन चांगला. पाच-दहा मिनिटे डोक्यावर ठेवावा, चष्मा आणि स्कार्फसह. माइकवर बोलून रेकॉर्ड करून पाहावे.

ब्लूटूथ स्पीकर आणि वायरलेस हेडफोन यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर किंवा डब्यावर "आर" अक्षराने सुरू होणारा आठ आकड्यांचा क्रमांक असतो. तो ब्युरोच्या "बीआयएस केअर" या ॲपमध्ये टाकला की कंपनीचे नाव दिसते. नावाजलेल्या कंपनीसारखा दिसणारा पण एखादे अक्षर बदललेला माल रस्त्यावर स्वस्तात मिळतो, त्याच्या बॅटरीचा भरवसा नसतो. पक्के बिल घ्यावे, वॉरंटीचे कार्ड भरून घ्यावे, दुरुस्ती नागपुरात होते का ते विचारावे.

आणि आधी घरातले डबे उघडून पाहावेत. जुन्या फोनबरोबर आलेला वायरचा इअरफोन अनेकदा तसाच पडलेला असतो, आणि कॉलसाठी तो नव्या स्वस्त ब्लूटूथपेक्षा सरस ठरतो. दोन हजारांत भागत असताना शेजारच्या मुलाकडे आहे म्हणून आठ हजारांचा घेणे हा इस्राफच. साध्या घरासाठी आमचा हिशेब असा: शिकणाऱ्यासाठी एक वायरचा यूएसबी हेडसेट, बैठकीसाठी दोन छोटे स्पीकर, एक स्प्लिटर. उरलेल्या पैशांत अर्थिंग करून घ्या.

सूरह बनी इस्राईलमध्ये कान, डोळे आणि हृदय यांच्याबद्दल माणसाला जाब विचारला जाईल असे बजावले आहे. याच सूरहमध्ये पुढे नमाजेतला आवाज फार मोठा नको, अगदी दबकाही नको, मधला मार्ग धरा असेही सांगितले आहे. ऐकण्याची शक्ती ही अल्लाहची अमानत आहे. आज संध्याकाळी मुलगा अभ्यासाला बसला की त्याचा हेडफोन क्षणभर स्वतःच्या कानाला लावून पाहा. आवाज किती मोठा आहे ते तुम्हाला लगेच कळेल. मोठा असेल तर प्रेमाने दोन घरे खाली आणा, आणि का आणला तेही त्याला समजावून सांगा.